मनकर्णाबाईने कागद घेतला

श्रावण रामटेके गल्लीत शिरला की गल्लीतली माणसं नाहीशी होत. तो भंडाऱ्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होता, म्हणजे कोर्टाचे समन्स घरोघर नेऊन देणारा माणूस. खाकी पिशवी लटकवलेली त्याची जुनी मोटरसायकल तालुक्यातली शेंबडी पोरंही ओळखून होती. तिचा आवाज आला की कोणी न्हाणीत जाई, कोणी परसातून शेजारच्या घरात. एक पैलवान गडी तर एकदा तणशीच्या ढिगात शिरला होता आणि त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले होते. श्रावणने त्या पायांना नमस्कार केला, कागद दाराला चिकटवला आणि पुढच्या गावाला गेला.

कागद घ्यायचा नाही, ही गावोगावची अक्कल. हातात घेतला की केस लागली. नाही घेतला की कोर्ट हेलपाटे घालून दमतं आणि नाद सोडतं, असं पारावरच्या प्रत्येक शहाण्याचं ठाम मत. आता या शहाण्यांना कोण सांगणार, की कोर्ट दमत नसतं! माणूस सापडला नाही किंवा नको म्हणाला, तर कागद दाराला लागतो आणि तो पोचला असं धरता येतं. ठरल्या तारखेला शिपाई नावाचा पुकारा करतो. कोणी ‘ओ’ दिली नाही, की केस एकतर्फी पुढं सरकते आणि समोरच्याचं म्हणणं तेवढं ऐकलं जातं. श्रावणने असे रिकामे पुकारे पुष्कळ ऐकले होते. कोणाचा बांध गेला, कोणाची विहीर गेली, कोणाचं घर गेलं, आणि ती माणसं त्या वेळी घरात दाराला कडी लावून बसलेली असत. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या दारावर बहुधा कधी समन्स चिकटलं नसावं.

श्रावण मूळचा वैनगंगेपलीकडच्या कारध्याचा. रोज पूल ओलांडून कोर्टात यायचा आणि भेटेल त्याला एकच वाक्य सांगायचा, "कागद घ्या, अन् वकिलाले दाखवा." लोक म्हणत, कोर्टाचा माणूस कोर्टाचंच बोलणार. त्याची बायको तर थट्टेने म्हणायची, "तुमचं हे वाक्य ऐकून एखाद्यानं कागद घेतला ना, तं मी गल्लीत पेढे वाटीन." पेढे काही वाटले गेले नव्हते.

अशात एका वैशाखात, डोकं भाजून निघेल अशा दुपारी, तो शहापूरला मनकर्णाबाई भुरेचं घर शोधत गेला.

काय प्रकरण आहे ते त्याला दाव्याच्या नकलेवरून कळलं होतं. मनकर्णाबाई विधवा, एकुलती लेक साकोलीला दिलेली. हायवेजवळच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. हायवे रुंद झाला, जागेला भाव आला आणि पुतण्या निकेशला अचानक आठवलं की काकूचं घर आपल्या बापाच्या जागेवर आहे. काकूला आम्ही नुसतं राहू दिलं होतं, आता तिने घर खाली करावं, असा त्याचा दावा. तो चालला असता तर मनकर्णाबाईला डोक्यावर छप्पर उरलं नसतं. शिवाय निकेश गावात उघड सांगत फिरत होता, की काकू कोर्टात येते कशाला, तिने भंडाऱ्याच्या बाजारापलीकडे जग पाहिलेलं नाही.

समोरच्या ओट्यावर शेजारीण सत्यभामाबाई चिंचा फोडत बसली होती. श्रावणने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मनकर्णा नाही जी घरी. लेकीकडे गेली साकोलीले."

दारात दोरीवर ओलं लुगडं ठिबकत होतं. आतून अंबाडीच्या भाजीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास येत होता. साकोलीला गेलेली बाई इथे फोडणी कशी देते, हे श्रावणने विचारलं नाही. असं विचारायचं नसतं, हे तो धंद्यात शिकला होता.

त्याने दोनदा हाक मारली. मग पिशवीतून गोंदाची बाटली काढली, पण तिचं झाकण उघडताना त्याचं डोकं गरगरलं. सकाळपासून चार गावं झाली होती आणि सोबतची पाण्याची बाटली केव्हाच संपली होती. तो पायरीवर बसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कोणी थोडं पाणी देईन काय जी?"

श्रावण कधी कोणाकडे पाणी मागत नसे. एक तर बेलिफाला कोण पाणी देतो! आणि दुसरं जुनं होतं. त्याच्या आजाच्या हातात कोणी भांडं देत नसे, पाणी वरून ओंजळीत ओतत. आजाने हे एकदाच सांगितलं होतं, पण नातवाच्या मनात ते कायमचं बसलं होतं. म्हणून स्वतःची बाटली असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

सत्यभामाबाई चिंचा बाजूला सारून उठतच होती, तेवढ्यात पाठीमागे कडी वाजली.

मनकर्णाबाई दारात उभी होती. केसांना धानाचं भुसकट लागलेलं, एका हातात पितळी लोटा, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. समोरून सत्यभामाबाई डोळे वटारून, हात हलवून तिला आत जायच्या खुणा करत होती. मनकर्णाबाईने तिकडे पाहिलंच नाही.

"उन्हाचे आले तुमी. आधी गुड टाका तोंडात," असं म्हणून तिने लोटा त्याच्या हातात दिला.

श्रावण सगळं पाणी प्याला. लोटा खाली ठेवला आणि म्हणाला, "मावशी, मी कोण आहो, माईत आहे काय?"

"माईत आहे. ढोलीमागून पाह्यलं ना मी." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी, बाई तिच्यामागे लपली होती.

"मंग बाहेर काहून आल्या?"

"तुमी पाणी मागतलं," ती म्हणाली.

घर जाण्याची भीती छातीवर घेऊन ही बाई अंधारात दडून बसली होती, आणि तहानलेल्या माणसाला पाणी देण्यासाठी तीच भीती ओलांडून बाहेर आली होती. तेही, ज्याला भ्यायचं, त्यालाच पाणी द्यायला. आपण आजवर किती माणसं पाहिली, असं श्रावण मिरवत असे. असं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

आता तिच्या हातात कागद ठेवायला त्याला लाज वाटत होती, पण काम ते काम. तो म्हणाला, "मावशी, समन्स आहे. तुमी नाही म्हटलं तं दाराले लावून जाईन. केस दोन्हीकडून चालतेच. फरक इतलाच, का घेतला तं आत काय लिवलं आहे ते तुमाले समजन."

"घेतला तं घर देऊन टाकलं, असं होत नाही?"

"नाही. कागद भेटला, इतलंच होते."

"पोलिस येतीन?"

"हे पोलिसाचं कामच नोहे जी."

"अन् घर माझंच राहीन ना?"

इथे हो म्हणणं फार सोपं होतं. पारावरच्या कोणीही ते छातीठोकपणे म्हटलं असतं. "मावशी," तो म्हणाला, "हे मले नाही सांगता येत. सांगतलं तं तो माझा अंदाज राहीन, अन् अंदाजावर घर ठेवू नये. हे वकिलाले विचारा. बायकांले कोर्टातून वकील फुकट भेटते. कोर्टाच्या आवारातच विधी सेवाचं ऑफिस आहे. टॅक्सच्या पावत्या, लाइटबिलं, घराचे जे जे कागद असतीन ते सारे घेऊन उद्याच जा. अन् तारीख चुकवू नका."

"मनकर्णा, येडी झाली काय वं! घेऊ नको!" सत्यभामाबाई ओरडली.

मनकर्णाबाईने पदराला हात पुसले. श्रावणने शाईचा पॅड काढला, तशी ती म्हणाली, "अंगठा कायले? मले सही येते." आणि ओठ घट्ट मिटून, एकेक अक्षर कोरून तिने सही केली.

तारखेच्या दिवशी श्रावणचं त्या कोर्टात काही काम नव्हतं. तरी तो व्हरांड्यात येऊन उभा राहिला. निकेश इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसला होता. मनकर्णाबाईचा पत्ता नव्हता. श्रावण जिन्याकडे पाहत राहिला. सही केली म्हणून काय झालं, गल्लीने रोज कान भरले असतील.

शिपाई बाहेर आला. "मनकर्णाबाई सुखदेव भुरेऽऽ!"

कोणी नाही.

"मनकर्णाबाई सुखदेव भुरेऽऽ!"

निकेश गालात हसला. श्रावणने मान खाली घातली. हा पुकारा त्याच्या ओळखीचा होता. तो असाच भिंतीवर आपटून परत यायचा.

तिसऱ्यांदा नाव अर्धं उच्चारलं गेलं असेल नसेल, तोच जिन्यातून आवाज आला, "आहो! मी आहो! गुडघे चढत नाही बाप्पा, पण मी आहो!"

जिन्याच्या तोंडाशी ती दिसली, धुतलेल्या लुगड्यात, कागदांची थैली उराशी धरून. मागोमाग तिला नेमून दिलेली तरुण वकील, रुचिता मॅडम, धापा टाकत येत होती. ‘ओ’ द्यायची असते ती एका शब्दात, पण शिपाईसुद्धा तिला काही बोलला नाही. न्यायाधीश येताना सगळे उभे राहतात, तसं या बाईसाठी उभं राहावं, असं श्रावणला वाटलं. तो उभाच होता, मग त्याने पाय जुळवून घेतले.

निकेशचं हसू मावळलं. काकू येणारच नाही, या भरवशावर केलेला दावा होता. रुचिता मॅडमनी थैलीतल्या पावत्या जोडून मुदतीत लेखी जबाब दिला आणि त्या दाव्यातला दम निघत गेला. शेवटी लोकअदालतीत निकेशने तो मागे घेतला. घर मनकर्णाबाईचं राहिलं. कारध्यात श्रावणच्या बायकोने खरोखरच पेढे वाटले. कशाचे, ते गल्लीला कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात श्रावण पुन्हा त्या गल्लीत शिरला. या वेळी कागद सत्यभामाबाईच्या नावाचा होता, शेताच्या वाटेच्या भांडणाचा. मोटरसायकलचा आवाज ऐकून ती ओट्यावरून उठली. घराकडे पाहिलं, परसाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसली.

"बाई, समन्स आहे," श्रावण म्हणाला.

तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तोवर समोरून मनकर्णाबाई आली होती, हातात तोच पितळी लोटा. तिने तो श्रावणला दिला आणि मैत्रिणीच्या शेजारी बसली.

"भेव लागते वं मनकर्णा," सत्यभामाबाई म्हणाली.

"मले का कमी लागत होतं? लागू दे," मनकर्णाबाई म्हणाली. "घे. उद्या मी येतो तुझ्यासंग वकिलाकडे."