मास्तरांच्या मागावर

कोकिळा बाळंतपणात मरता मरता वाचली, मूल गेलं. ती वाचावी म्हणून तिच्या नवऱ्याने, बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या शालिग्राम मास्तरांनी, तापीच्या उगमापर्यंत, मुलताईपर्यंत, पायी जायचा नवस केला होता. एकोणीसशे अठराच्या भाद्रपदात ते मुलताईच्या वाटेला लागले आणि महिन्याभरात बुऱ्हाणपुरात मानमोडीचा ताप पसरला. घरोघर माणसं गेली. दिवाळी झाली तरी मास्तरांचा निरोप नव्हता. सासू नको नको म्हणत असताना कोकिळाने भाकऱ्या बांधल्या आणि एकटी निघाली.

तिसऱ्या दिवशी डोईफोडिया गावात लोटू नावाच्या शेतकऱ्याने तिला ओसरीवर बसवून पाणी दिलं. मास्तरांचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"ताई, झूठ नाही बोलत. आले होते ते. अंगात बुखार होता. आम्ही गावात घेतलं नाही. वेशीबाहेर दगडावर भाकर ठेवली अन् दुरूनच पुढे जा म्हटलं."

"खाल्ली त्यांनी?"

"मी थांबलो नाही पाहायला."

त्याला शिव्याशाप द्यावेत असं तिच्या मनात आलं. पण साथीत तिनेही कुणासाठी दाराची कडी काढली नव्हती. सकाळी ती निघाली तसा लोटू काठी घेऊन मागे आला. "पुढे जंगल आहे," एवढंच म्हणाला.

दोन दिवस ते चढण चढत राहिले. एका कोरकू पाड्यावर भाषा कळत नसतानाही कुणा म्हातारीने तिच्या सुजलेल्या पायांना तेल चोळलं आणि लोटूने खुणेने विचारल्यावर वरच्या गवळीवस्तीकडे बोट दाखवलं.

तिथे धुरपदाबाई भेटली. एकटीच म्हशींना पाणी पाजत होती. लोटूने विचारलं, तशी ती कोकिळाकडे बघत राहिली.

"माझ्याच घरात होते. चार दिवस. माझा अनंत त्यांना पाणी पाजायचा, उठवून बसवायचा."

"आता कुठे आहेत?"

तिने ओढ्याकडे हात केला. दगडांचे दोन ढीग होते. "लाकडं तोडायला माणूस नव्हता, म्हणून पुरलं. पहिला तुझा. आठ दिवसांनी माझा पोरगा."

कोकिळा तिथेच खाली बसली. कितीतरी वेळाने धुरपदाबाई दुधाची वाटी घेऊन आली.

"तुमच्या दारचं कसं पिऊ मी?"

"पी. चालून आलीस."

"त्यांना घरात घेतल्याचा पस्तावा होतो?"

"होतो. रोज होतो," धुरपदाबाई म्हणाली. पण वाटी तिने मागे घेतली नाही.

लोटू परत गेला. कोकिळा पौषापर्यंत राहिली, कारण अनंतची सगळी कामं तशीच पडली होती. घरी परतल्यावर सासूने वर्षभर तिच्याशी अबोला धरला. तरी पुढची नऊ वर्षं दिवाळी झाली की कोकिळा डोंगराची वाट धरायची आणि महिनाभर म्हशी राखायची. धुरपदाबाईने तिला कधी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही.

दहाव्या वर्षी ती पोचली तेव्हा वस्ती उठलेली होती. गवळी चाऱ्यासाठी कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. आसपासच्या तीन पाड्यांवर विचारून कोकिळा खाली उतरली.