स्टुलावरच्या मावशी

"घ्या उजेड," असं म्हणून मावशी स्टुलावर बसायच्या. त्याआधी कमरेची किल्ल्यांची जुडी खिडकीत ठेवायच्या, चष्मा काढून पदरात गुंडाळायच्या, उजेड मोजायचा करडा पुठ्ठा छातीशी धरायच्या आणि हनुवटी बोटभर वर करायच्या. कुणाला काही सांगावं लागत नसे.

तुम्ही कधी स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. खरा माणूस येण्याआधी कुणालातरी बसवून उजेड जमवावा लागतो. अंधेरीतल्या आमच्या कॉलेजच्या फोटोग्राफी विभागात ते 'कुणीतरी' म्हणजे मावशी. नेमणूक शिपायाची, गाव कणकवलीकडचं, राहणं घाटकोपरच्या डोंगरउतारावर. अकरा वर्षं, एका बॅचमागून एक, आम्ही पोरांनी त्यांच्यावर उजेड जमवला. मॉडेल आली की मावशी उठायच्या आणि आम्ही त्यांचे फोटो डिलीट करायचो. चष्म्याच्या काचेत दिवे चमकतात, म्हणून चष्मा काढायचा. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं काही दिसत नसे. "बरा हा," त्या म्हणायच्या, "तुमची तोंडां बघूक लागनत नाय."

विभागप्रमुख सर दिसायला रुबाबदार, बोलायला मधाळ. त्यांच्या केबिनमध्ये एक मोठा काळा-पांढरा फोटो होता. तो मावशींचा. नवरा गेल्यावर चौदाव्या दिवशी मावशी कामावर आल्या, सरांनी सवयीने त्यांना स्टुलावर बसवलं, बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सरांनी ते टिपलं. फोटोला नाव दिलं 'विधवा'. त्याला कुठलंसं बक्षीसही मिळालं. रोज सकाळी त्याची काच ओल्या वर्तमानपत्राने पुसायचं काम मात्र मावशींचंच.

एकदा धीर करून त्यांनी सरांना सांगितलं होतं, तेवढा तो फोटो काढा. सर हसून म्हणाले होते, "मावशी, तो फोटो तुमचा नाही. तो प्रकाशाचा आहे."

हे त्यांनी मला काच पुसता पुसताच सांगितलं. सरांशी त्या शुद्ध बोलायच्या, माझ्याशी मालवणी. "माका दुसरा कायएक नको गो चेडवा. तो थयसून खाली उतारलेलो होयो."

शेवटच्या वर्षी सरांनी आम्हाला प्रदर्शनासाठी विषय दिला: माणसाची वस्तू करणं. त्यावर त्यांनी वर्गात चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. टायरच्या जाहिरातीतल्या बायका, चेहराच कापून टाकलेली पोस्टरं, सगळं सांगताना त्यांचा आवाज भरून येत होता. त्यांच्या मागे स्टुलावर मावशी बसल्या होत्या, पुठ्ठा धरून, हनुवटी वर करून. नंतर दिव्यांचं प्रात्यक्षिक होतं म्हणून त्यांना आधीच बसवलं होतं. आता उठा, असं कुणी सांगितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मीही त्यांचे फोटो डिलीटच करत आले होते, आणि त्या रागात तेही होतं.

तास संपल्यावर मी त्यांना बेसिनपाशी गाठलं. "मावशी, सूड घ्यायचा?"

"घेवया की," त्या कप विसळत म्हणाल्या. मग थांबून, "पण तुझे मार्क?"

"गेले खड्ड्यात. तुमची नोकरी?"

"रिटायर होवक चार म्हयने रवले माझे. काय करतलो तो?"

मी सरांना जाऊन सांगितलं, प्रदर्शनाच्या दाराशी आमच्या मार्गदर्शकाचा फोटो हवा. सर फुलले. "चालेल ना. पण साधा काढ हं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नवाकोरा निळा कुर्ता घालून आले. "मावशी, बसा."

मावशींनी कंबर धरली. "आज पाठीत भरलंय, सर. तुम्हीच बसा. उजेड तुमच्याच तोंडावर पडायचाय ना?"

सर बसले.

"चष्मा काढा," मावशी म्हणाल्या. "पुठ्ठा धरा. वर. अजून वर. पोट आत. हलू नका. बोलू नका, ओठ हलतात." शब्दन् शब्द सरांचा होता. अकरा वर्षं ऐकून पाठ झालेला. मी मुद्दाम सावकाश काम केलं, एकेक दिवा दहादा हलवला. सर घामाघूम झाले. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मला फार बरं वाटत होतं.

मध्येच पुठ्ठा सरळ करायला मी स्टुलापाशी गेले आणि मागे वळून बघितलं. मावशी समोर उभ्या होत्या, चष्मा लावून, कमरेवर हात ठेवून, तोंडभर हसत. पाठ अगदी ठणठणीत. मी तिथूनच एक फोटो काढला.

"हे उजेडाचे डिलीट कर हं," जाताना सर म्हणाले. मी हो म्हटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या भिंतीवर त्यातलेच पंधरा होते. दुहेरी हनुवटी. कुर्त्यातून पुढे आलेलं पोट. केसाळ कान. अर्धवट उघडं तोंड. अख्खा चेहरा एकातही नाही. प्रत्येकाखाली चिठ्ठी: 'प्रौढ पुरुष'. पाहुणे यायला वीस मिनिटं असताना सर आले आणि त्यांनी आधी कुर्ता ओळखला.

"हे काय आहे? काढ आधी! माझे फोटो आहेत हे!"

मावशी शेजारची काच पुसत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "सर, ते फोटो तुमचे नाहीत. ते प्रकाशाचे आहेत."

मग मी सांगितलं, "केबिनमधला उतरवा. तो उतरला की हे उतरतील."

सरांनी स्टूल उचललं, स्वतः केबिनमध्ये नेलं, स्वतः वर चढले. फोटो आणून मावशींच्या हातात दिला आणि खाली बघत उभे राहिले. मी शब्दाला जागून पंधराही फोटो काढले. चिठ्ठ्या मात्र काढायला विसरले. पाहुण्यांनी विचारलं, या रिकाम्या भिंतीचा अर्थ काय? तो सरांनाच समजावून सांगावा लागला. मला पास होण्यापुरते मार्क मिळाले.

मावशी तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मेट्रोने घरी घेऊन गेल्या. निवृत्तीनंतर गावाला गेल्यावर त्यांचा फोन आला. "चुलीत घातलंय गो. पाणी बरा तापला." चौकट तेवढी ठेवली होती. मी त्यांचा तो हसरा फोटो मोठा करून पाठवला, तो तिच्यात बरोबर बसला.

यंदा मावशी गेल्या. मी घाटकोपरला त्यांच्या मुलाकडे भेटायला गेले, तर भिंतीवर गावाहून आणलेली तीच चौकट, तोच फोटो, वर हार. मुलगा संकोचत म्हणाला, "ताई, आईचा दुसरा फोटो नाही का? यात चष्म्यात काहीतरी चमकतंय."

दुसरा नव्हता. अकरा वर्षांतला एकही आम्ही ठेवला नव्हता, आणि हे त्याला सांगताना मला रडू आलं. डोळे पुसून मी फोटोजवळ गेले. उजव्या काचेत दिवा चमकत होता, आणि दिव्याखाली तांदळाच्या दाण्याएवढे सर. पुठ्ठा छातीशी, हनुवटी वर.

सून रोज संध्याकाळी तिथे उदबत्ती लावते. मावशी हसताहेत. सर अजून स्टुलावर बसलेत, आणि आता उठा असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.