हलगी शेकणार नाय

साहेब माइकवर म्हणाले, "पाण्यापायी वस्तीतल्या एका कामवालीचा जीव गेला." मग माझ्याकडं बघून बोट फिरवलं. वाजवा.

ती कामवाली म्हणजे माझी बायको. शांता.

वर्तकनगरची कॉलनी आणि नाल्यापलीकडची आमची वस्ती, दोघांचा मिळून मोर्चा होता. नळ दोन्हीकडं कोरडे. कॉलनीवाले पैसे टाकून टँकर मागवायचे. आमच्यात टँकर आला की झोंबाझोंबी. तिथंच शांता हंड्यासकट पडली. खुबा मोडला. अंथरुणाला लागली ती उठलीच नाय. आणि हे साहेब म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरी. यांच्याच बिल्डिंगचा जिना ती झाडायची. म्हातारी होईस्तोवर झाडला. यांना तिचं नाव माहीत नाय.

मी दुसरी शिकलेला. जन्म गेला वागळे इस्टेटला पत्रे कापण्यात. हलगी बापाकडून आलेली. मोर्चाला बोलावलं तेव्हा वाटलेलं, माणूस म्हणून बोलावलंय.

हलगी काखेत मारून स्टेजजवळ गेलो. म्हटलं, "साहेब, दोन शब्द बोलू द्या. तिचं नाव तरी सांगतो."

"काका, तुमचं आम्हीच बोलतोय ना. तुम्ही हलगी शेका, थंड पडलीये."

मागनं एक जण म्हणाला, "काकांच्या हातात माइक दिला तर पाणी राहील बाजूला, आरक्षण मागतील."

हसले. माझ्या बायकोच्या मरणावर उभे राहून हसले.

हलगीचं चामडं जाळावर तापवावं लागतं, तेव्हा ती वाजते. कुणीतरी पेपर पेटवून पुढं धरलापण. मी तो हातातनं घेतला, पायाखाली विझवला.

"आज नाय शेकणार."

मोर्चा तसाच मुका गेला. मी घरी आलो. घरात कोण? शांताचा हंडा. आधी असं काही झालं की तिला सांगायचो, ती शिव्या घालायची, मग भाकर गोड लागायची. त्या दिवशी भाकर तशीच राहिली.

भावकीतले आले. "बाबा, सोड त्यांना. आपण आपल्या लोकांचा वेगळा मोर्चा काढू."

शेजारची रुक्साना भाभी दारात उभी होती. तीपण मोर्चात चाललेली, पार मागं. तिला तर कुणी वाजवायलाही बोलावलं नव्हतं. म्हणाली, "चाचा, तुमचा पण वेगळा. मग मी कुणाच्यात चालू?"

रात्रभर तिचा सवाल डोक्यात.

सकाळी साहेबांच्या दारात गेलो. आत या म्हणाले नाहीत. उंबऱ्याबाहेरनंच सांगितलं, मोर्चा मी सोडणार नाय आणि फोडणारही नाय. पाण्याचा पाइप दोघांचा एकच आहे. पण पुढची मीटिंग माझ्या घरी. खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे. शांताच्या हंड्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायचं. पहिली बोलणार रुक्साना भाभी.

साहेब म्हणाले, बघू.

बघा. हलगी खुंटीला आहे. साहेब स्वतःच्या तोंडानं माइकवर "शांता" म्हणत नाहीत, तोवर हलगीला मी जाळ दाखवणार नाय.