अशुद्ध भाषेचा शेरा

"बाई, थांबा. 'लागतीन' हा शब्द कोणत्या पुस्तकात आहे?"

साहेबांनी हे आठवीच्या भरल्या वर्गात विचारलं. मंदा भोयर खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होती. मी मागच्या बाकाजवळ, पॅनलसोबत.

पॅनल म्हणजे शिक्षण खात्यानं शाळा तपासायला पाठवलेली मंडळी. एक अधिकारी, म्हणजे हे साहेब, आणि बाहेरच्या शाळांमधले दोन शिक्षक. त्यांच्याबरोबर शाळेचा एक प्रतिनिधी दिवसभर फिरतो. वर्ग दाखवतो, विचारलेलं सांगतो, आणि शेवटी अहवालावर शाळेच्या वतीनं सही करतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गिरडच्या अलीकडे आमचं हायस्कूल, नववीपर्यंतचं. दहावीच्या वर्गाला परवानगी हवी होती आणि ती या तपासणीवर अवलंबून होती. मी मराठी शिकवायची. प्रतिनिधी म्हणून हेडसरांनी मला नेमलं.

मंदा गणित शिकवायची. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, बी.एस्सी., बी.एड. अजून प्रोबेशनवर होती. म्हणजे नोकरी कायम व्हायची होती, आणि त्यासाठी तपासणीतला शेरा चांगला लागतो.

त्या दिवशी ती व्यस्त प्रमाण शिकवत होती. एक गोष्ट वाढली की दुसरी कमी होते, ते गणित. तिनं पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि मुलांना विचारलं, "पाच बाया चार दिवसांत वावरातला कापूस येचतेत. दहा बाया लावल्या, तं किती दिवस लागतीन?"

"दोन, बाई!" अर्धा वर्ग ओरडला.

"काऊन दोन? बाया तं वाढल्या, मंग दिवस काऊन कमी झाले?"

एक मुलगी उठली. "हात जास्त झाले नं बाई. काम लवकर उरकन."

गणिताच्या तासाला मुलं आपणहून उठून कारण सांगत होती. शिक्षकाला आणखी काय हवं असतं? पॅनलमधले गणिताचे सर मान हलवत होते. मी पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी तिला थांबवलं.

मंदा गोरीमोरी झाली. "सॉरी सर," म्हणाली आणि पुस्तकी मराठीत सुरू झाली. दोन वाक्यं झाली की अडखळायची. मुलं तिच्याकडे बघायची, मग साहेबांकडे. कुणाचा हात वर होईना. तास संपेपर्यंत वर्ग चिडीचूप. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मधल्या सुट्टीत मंदा स्टाफरूममध्ये बसून होती. डबा उघडलेला नव्हता.

"ताई, मले तोंडच फुटलं नाई," ती म्हणाली. "पण मी का चूक शिकवून राह्यली होती का? लेकराईले समजलं होतं नं?"

"समजलं होतं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? चुकलं असेल तर बाईंना बाजूला घेऊन सांगता येतं. मुलांसमोर बोलायची काय गरज होती? त्या मुलांची घरची बोली तीच. मंदाला तो शब्द कोणत्या पुस्तकात आहे म्हणून विचारलं, ते त्यांच्या आईबापांनाही विचारल्यासारखंच झालं.

दुपारी समारोपाची बैठक. साहेबांनी शेरे वाचले. इमारत ठीक. प्रयोगशाळा अपुरी. मग गणित : "शिक्षिकेची भाषा अशुद्ध व ग्राम्य. अध्यापन असमाधानकारक. कायम करण्याची शिफारस नाही."

अहवाल माझ्यासमोर आला. मी पेन उचललंच नाही.

"सर, हा शेरा मला मान्य नाही."

हेडसर दचकले. "देशकरबाई, नंतर बोलू."

"नंतर कधी? सही आत्ता करायची आहे."

साहेब हसले. "बाई, तुम्ही तर मराठीच्या. तुम्ही माझ्या बाजूनं बोलायला हवं."

"मराठीची आहे म्हणूनच बोलते. ती भाषा अशुद्ध नाही. वऱ्हाडी आहे. आणि तास गणिताचा होता. गणितात काय चुकलं ते या शेऱ्यात कुठंच नाही."

साहेबांचं हसू गेलं. मी गणिताच्या सरांकडे वळले. "सर, तुम्ही वर्गात होतात. पोरांना व्यस्त प्रमाण समजलं होतं की नाही?"

ते चहाच्या कपात बघत राहिले. सकाळी मान हलवणारा हाच माणूस! मी पुन्हा विचारलं. तेव्हा कुठं पुटपुटले, "गणितात चूक नव्हती."

"तेवढंच लिहा," मी म्हटलं.

हेडसरांनी मला व्हरांड्यात नेलं. "बाई, एका पोरीपायी दहावीचा वर्ग घालवता का? पोरं हिंगणघाटले जाऊन राह्यली शिकाले. पोरी तं जातच नाई, घरीच बसतेत. त्याईचा विचार करा."

त्यांचं खोटं नव्हतं. राग त्याचाच जास्त आला. दहावी हवी म्हणून मंदाचा बळी द्यायचा, असा हिशेब त्यांनी केव्हाच करून टाकला होता.

आत येऊन मी सही केली, पण त्याआधी प्रतिनिधीच्या अभिप्रायाच्या जागेत लिहिलं : "गणिताच्या शेऱ्याशी असहमत. विद्यार्थ्यांनी अचूक उत्तरे कारणासह दिली. पॅनलच्या विषयतज्ज्ञांनी गणितात चूक नसल्याचे बैठकीत सांगितले." साहेबांनी ते वाचून अहवाल बॅगेत टाकला. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

अंतिम अहवाल आला तेव्हा शेरा बदलला होता. "अध्यापन समाधानकारक. भाषेत सुधारणा आवश्यक." मंदा कायम झाली. दहावीलाही परवानगी मिळाली, म्हणजे हेडसरांची भीती फुकटच होती. पण ते पेढे घेऊन आले ते साहेबांचे गुण गात.

मंदानं मात्र 'सुधारणा' मनावर घेतली. तिच्या वर्गावरून जाताना मला पुस्तकातली वाक्यं ऐकू यायची, आणि मुलांचा आवाज फारसा यायचा नाही. मी एकदा तिला म्हटलं, "पूर्वीसारखं शिकव गं." ती म्हणाली, "नको ताई. पुढच्या तपासणीले कोन राह्यते, काय माहीत."

पुढच्या तपासणीला प्रतिनिधी म्हणून ड्रॉइंगचे सर होते. त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली आणि पाहुण्यांना पान आणून दिलं. शाळेला नेमका असाच प्रतिनिधी लागतो. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.