न बुडणारे गोल

घरात सगळे तिला काउंटरवाली म्हणत. मोठ्या दुकानात, दार उघडताच समोर, सौंदर्यप्रसाधनांचं काउंटर तिचं होतं. तिथं उभं राहणारीनं तोंडावरही दुकान मांडायचं, असा नियम. आल्या आल्या फाउंडेशन, आयलायनर, न पुसणारी लिपस्टिक, सगळं लावायचं. पोटऱ्या भरून येत, पण एखादी बाई थबकून "तुम्ही लावलीय ती कुठली हो?" असं विचारी, तेव्हा आपणही कुणीतरी आहोत असं तिला वाटे. एरवी तिला कोण विचारत होतं!

आणि नेमकी त्याच चेहऱ्याला दृष्ट लागली. गालांवर, हनुवटीवर लाल पुरळ उठलं. थर द्यावा तर वाढे, न द्यावा तर दिसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेबांनी बाजूला बोलावलं. "ताई, हा चेहरा बघून गिऱ्हाईक क्रीम घेईल की पळेल? महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर गोडाऊनला माणूस लागतंच आहे."

मेकअप उतरवण्यात तिनं कधी टंगळमंगळ केली नव्हती. घरी आली की आधी तेलाचं बोट फिरवायचं. मग जुन्या टॉवेलचे शिवलेले कापडी गोल कोमट पाण्यात पिळून डोळ्यांवर दाबून धरायचे, काजळ सुटलं की अलगद पुसायचं. कापसासारखे फेकायला नकोत, धुतले की पुन्हा तयार. पण हल्ली कितीही पुसलं तरी चिकट थर राही. मग तिनं जोर लावला. तेल बदललं, साबण बदलला, उशीचे अभ्रे उकळले, नवऱ्याचं आफ्टरशेव्ह फेकून दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! चेहरा सोलवटला तेवढा.

महिना संपता संपता एक गोल हातातून निसटून बादलीत पडला आणि तरंगत राहिला. टॉवेलचं कापड, आणि पाणी पीत नाही? तिनं बोटानं दाबला. पुन्हा वर. नाकाशी धरला, तर फुलांचा घमघमाट. मशीनशेजारी कपडे मऊ करायच्या लिक्विडची बाटली अर्धी झाली होती. त्याचाच मेणचट थर कापडावर बसला होता. इतके दिवस ती मेकअप पुसत नव्हती, तोंडभर सारवत होती!

धुणं सासूबाईंकडे होतं. पडून हात मोडल्यापासून त्यांना कुणी गॅसपाशी फिरकू देत नव्हतं. हे एवढं काम त्यांनी भांडून मिळवलं होतं. ती ओला गोल घेऊन तरातरा बाहेर आली.

"आई, यात काय घालता तुम्ही?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मऊ व्हायचं औषध! मागं तूच म्हणालीस ना, गोल खरखरीत लागतात? आता तर तुझे गाल असे झालेत, म्हणून दोन-दोन झाकणं घालते. लागत नाहीत ना गं आता?"

तोंडापर्यंत आलेलं सगळं तिनं गिळलं. "नाही लागत," म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन बादली आपटली. तिचा इतका संताप झाला होता, आणि काढायचा कुणावर?

साहेबांनी शब्द पाळला. गोडाऊनमध्ये खोकी, धूळ आणि ट्यूबलाइट. मेकअप कशाला हवा तिथं! चेहरा आपोआप निवळला. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "बघ, आला की नाही गुण? आता काउंटरवर रांग लागेल बायकांची!"

"हो, आई."

काउंटरवर दुसरी मुलगी उभी राहते, हे तिनं घरात सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं. रोज संध्याकाळी ती न्हाणीघराची कडी लावते, दात-ओठ खात जुनी लिपस्टिक कोऱ्या गोलांवर रगडते आणि ते धुण्याच्या टोपलीत टाकते, सासूबाईंना धुवायला.