आबांच्या चुन्यानं मोजलेलं चाक

तंबाखूच्या चुन्याचा वास आला की मला आमच्या अंगणातले दोन पांढरे ठिपके आठवतात. माझी दहावी झाली आणि नरडाण्याच्या कॉलेजचा विषय निघाला तशी आजोबांनी, म्हणजे आबांनी, सांगून टाकलं, "नरडाणं चार कोस शे. पोरले इतलं दूर धाडानं नही." मामानं परदेशातून आणलेला सायकलचा बिनतारी मीटर मी त्याच दिवशी बसवला, लोहचुंबक स्पोकला, सेन्सर पुढच्या चाकाच्या चिमट्याला, आकडा दाखवणारी डबी हँडलला. चाकाच्या घेराचं माप मीटरमध्ये भरलं की तो फेरे मोजून अंतर सांगायचा. सायकलनं नरडाण्याला जाऊन कॉलेजच्या फाटकापाशी आकडा पाहिला: साडेसहा किलोमीटर, म्हणजे जेमतेम दोन कोस. घरी येऊन तसं सांगितलं, तर आबा गुरगुरले, "तार नही, काही नही. चाकनं माप तूच टाकेल शे!" मग मी त्यांच्याच तंबाखूच्या डबीतला चुना टायरला लावला आणि सायकल त्यांच्या हातात दिली. चाकाच्या एका फेऱ्यात जमिनीवर दोन ठिपके उमटले. आबांनी स्वतः टेप लावली. दोन ठिपक्यांमधलं अंतर मी मीटरमध्ये टाकलेल्या मापाइतकंच भरलं. "मंग पावसायामा कशी जाशी?" "चाक पावसातही तेवढंच फिरतं, आबा." आज मी त्याच कॉलेजात शिकवते, आणि एखाद्या मुलीचे वडील "लांब पडतं" म्हणाले की विचारते, "मोजलंत?"