काट आणि कट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, जाऊबाईंना नाही. रोज पानभर लिहायची सवय आहे मला, त्या वहीतही हे नाही. तुम्हालाच का सांगते आहे? माहीत नाही. सुरुवात कुठून करायची तेही नीट कळत नाही. फोटोंपासून करते.

आमचे हे २०१६ साली गेले. डहाणूजवळ आगरला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि यांची पांढरी गाडी दारातल्या चिकूखाली तशीच उभी राहिली. मला चालवता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून म्हणाली, विकून टाकू, तू फक्त फोटो पाठव, जाहिरात मी टाकते.

पहिला फोटो पाठवला. गाडीच्या दाराच्या काचेत मीच दिसत होते, फोन धरलेली, आणि मागे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. मुलीचा फोन आला. "आई, गाडी विकायचीय की बोंबील?"

मग मी शिकायला बसले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, शिकायची रीत माहीत होती. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहायचे, पाठाचं टाचण काढावं तसं लिहून घ्यायचं. आधी कॅमेऱ्याची काच पुसायची— पदरानेही चालते. झूम करायचं नाही, आपणच चार पावलं पुढेमागे व्हायचं. दुपारचं ऊन टाळायचं. पांढरी गाडी उन्हात पांढरीफटक पडते, म्हणून पडद्यावर गाडीवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढायचा. कोपऱ्यातून उभं राहायचं, म्हणजे तोंड आणि कूस दोन्ही दिसतात. आणि फोन डोळ्यांशी नाही, दिव्यांच्या उंचीवर धरायचा. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

आठवडाभर रोज सकाळी मी हेच केलं. जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "वहिनी, गाडीला स्थळ बघताय की काय?" मी हसले. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी काही विकत नव्हते. फोटोत गाडी हळूहळू यांच्या वेळची दिसायला लागली होती— रविवारी धुऊन, पुसून उभी असायची तशी. मला तेवढंच हवं होतं का? तेव्हा तसं वाटत होतं. आता वाटतं की ही गोष्ट मी स्वतःलाच नंतर सांगितली असेल.

कारण गुडघे टेकल्यावरच तर मला ते दिसलं.

डाव्या दाराखालच्या पट्टीवर रंग फुगला होता. नखाने टोकरलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली तांबडा भुगा, आणि बोट आत गेलं. खारं वारं पत्रा आतून खातं, हे आगरात कुणाला सांगावं लागत नाही. मी बोट पुसलं. उठले. आणि— इथे आठवतानाही मी नेहमी अडखळते— दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे टेकले नाहीत. फोन थोडा वर धरला. ऊन उजवीकडून येईल अशी वेळ धरली, म्हणजे डावी पट्टी सावलीत जाते. चिकूचा पाचोळा चाकांपाशी होताच. तो झाडला नाही. पुढच्या बंपरवर एक ओरखडा होता. त्याचा मात्र जवळून, ठळक फोटो काढला. का? आपण काही लपवत नाही हे दिसावं म्हणून? मला वाटतं, हो.

फोटो फार चांगले आले. मुलगी म्हणाली, आई, तू तर कमाल केलीस.

गाडी बघायला तलासरीहून देवजीभाऊ आले. चाळिशीच्या आतले, कामाला गुजरातेत, वापीच्या एका कारखान्यात. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. सहा आसनी रिक्षा, मग बस, येताना पुन्हा तेच, आणि ती बाई परत येईपर्यंत अर्धी झालेली असे. "आई मागं आडवी झोपून येल, एवढाच पाहिजे," ते म्हणाले. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावून बघितलं. खाली वाकले नाहीत. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरच्या गाडीखाली शिरून तपासणी करणं त्यांना बरं वाटलं नसावं. मला म्हणाले, "फोटो बघून आलू बाई. काट नाय ना?"

काट. गुजरातीत गंजाला काट म्हणतात. तलासरीकडे, कारखान्यात जाणाऱ्यांच्या मराठीत तोच शब्द. आमचा डहाणूचा किराणावाला खिळे मोजताना रोज म्हणतो, काटवाला बाजूला ठेव. मी तो शब्द लहानपणापासून ऐकत आले आहे.

मी म्हटलं, "नाही हो, कट वगैरे कुठे नाही. बंपरला एक ओरखडा आहे तेवढा, तो फोटोतही दाखवलाय."

ते हो म्हणाले, आणि गाडी घेतली. शिकलेल्या बाईला आपली बोली कळली नाही असं वाटलं असेल, किंवा कळली असंही. पुन्हा विचारणं अवघड गेलं असणार. मी गेली कित्येक वर्षं त्या एका क्षणात शिरायचा प्रयत्न करते आहे. मला तेव्हा खरंच 'कट' ऐकू आलं होतं का? काही दिवस वाटतं, आलं होतं. शब्द कानावर पडला आणि तोंडातून उत्तर गेलं, मध्ये मी कुठे होते? पण मग ओरखड्याचं उत्तर इतकं तयार कसं होतं?

हे एवढंच असतं तर कदाचित मी सांगितलंही नसतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर देवजीभाऊ पुन्हा आले. बसने. मी दार उघडलं. भांडायला आले असतील, असं वाटलं. ते ओटीवर बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, मागच्या सीटखालचा पत्रा गेला, मेकॅनिक बोलला माणूस बसवू नका. आई पुन्हा रिक्षाने जाते. गाडी मोडीतच घालायची, पण कुणी सुट्या भागांसाठी घेत असेल तर फोटो पाठवायचे आहेत.

"तुमच्यासारखा फोटो मना नाय जमत," ते म्हणाले. "काट नीट दिसला पाहिजे, बाई. घेणाऱ्याला मागून वाईट नको वाटायला. कसा काढू?"

मी सांगितलं. खाली बसा. फोन जमिनीजवळ धरा. फ्लॅश नको, सकाळचा उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे भोकाची कड दिसते. शेजारी काडेपेटी ठेवा, मापाचा अंदाज येतो. ते मान डोलवत ऐकत होते. माझा आवाज वर्गात असायचा तसाच, स्वच्छ.

मग ते म्हणाले, "आमच्याकडं पाऊस लय. मीच उघड्यावर ठेवली. तुमच्याकडं भाऊंनी किती नीट ठेवलेली, माझ्यानं चार महिन्यांत वाट लागली." आणि माझ्याकडे बघितलं. हसलेही थोडे, शरमून.

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. किंवा सगळं ठाऊक होतं आणि ते मला जागा करून देत होते. मला आजही ठरवता येत नाही. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझ्यापाशी बोलायला वेळ होता. घाई नव्हती, शब्दाचा घोटाळा नव्हता, समोर माणूस बसला होता.

मी म्हटलं, "असेल. पाऊस फार झाला यंदा."

ते उठले, पाया पडले, आणि बस पकडायला गेले. आई कशी आहे, हे मी विचारलं नाही.